रुपयामागे एक आणा

श्रोतेहो, सारा भरल्यावर तलाठ्याकडून मिळालेली पावती आपण घडी करून फडताळात ठेवून देतो. नीट वाचतो कोण? पण एकदा वाचून पाहा. जमिनीचा मूळ सारा थोडका दिसेल आणि त्याखाली जिल्हा परिषदेचा व ग्रामपंचायतीचा उपकर निराळा मांडलेला दिसेल. हा उपकर आला कोठून? आपल्या गावच्या शाळेच्या भिंतींशी त्याचे काही नाते आहे काय? शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या निमित्ताने ती जुनी हकीकत आज सांगायची आहे.

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले. खेड्यात शाळा हवी असेल तर गावकऱ्यांनी जागा द्यावी आणि मास्तराच्या पगाराचा काही भाग वर्गणीने उभा करावा, अशी तेव्हाची रीत होती. आता वर्गणीचे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. सुगीला लोक हौसेने आकडे घालतात आणि पावसाने ओढ दिली की तीच माणसे मास्तराला पाहून वाट बदलतात. घोड आणि भीमा यांच्या काठचा हा मुलूख कमी पावसाचा. तेव्हा वर्गणीवर चालणारी शाळा म्हणजे पावसावर चालणारी शाळा.

म्हणून १८६३ च्या सुमारास सरकारने दुसरी तोड काढली. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा. त्यातले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना आणि तिसरा हिस्सा शाळांना. १८६९ च्या कायद्याने या आण्याला पक्का आधार मिळाला. लोक त्याला ‘लोकल फंड’ म्हणत. समजा, एखाद्या कुणब्याचा सारा २४ रुपये आहे. त्याने २४ आणे, म्हणजे दीड रुपया, वर भरायचा. त्यातले आठ आणे शाळांचे.

वेळ सरकारने बरी साधली होती. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडे भाव चढले होते. आगगाडीच्या कामावर मजुरी मिळत होती. हातात पैसा होता, तोवर आणा जड वाटला नाही.

पण या योजनेत दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, हा आणा फक्त जमिनीच्या साऱ्यावर होता. सावकारीवर नव्हता, व्यापारावर नव्हता. दुसरी अशी की, सारा वाढला की आणाही आपोआप वाढे. युद्ध १८६५ ला संपले, भाव उतरले. आणि नेमक्या त्याच सुमारास जुन्या सारापद्धतीची तीस वर्षांची मुदत संपून, इंदापूर व भीमथडी भागात नव्या पाहणीने सारा पुष्कळ चढवण्यात आला. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यातच मोडत असे. सार्वजनिक सभेने चौकशी करून तक्रार केली आणि १८७४ साली सरकारला वाढ कमी करावी लागली. तोवर शेतकरी कर्जात पुरता रुतला होता.

पुढचे आपण जाणतोच. शिरूर तालुक्यातील करडे गावात १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे लोकांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले. त्या रोख्यांवर कुणब्याची सही कशी असे? ‘निशाणी नांगर’. वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. खाली नांगराची खूण उमटे. मंडळी, हा विरोधाभास ध्यानात घ्या. शाळांसाठी तो दरसाल आणे भरत होता आणि अक्षरओळख नसल्यामुळे घरदार गमावत होता. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, तेव्हा कुणब्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा असे ठरले. शाळेने जे काम करायचे, ते कायद्याला करावे लागले.

मग आणा गेला कोठे? हाच सवाल १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात उभा केला. शिक्षणासाठी म्हणून खास कर घेतला जातो, पण तो त्या कामी नीट लागत नाही. इलाख्यातील नऊ-दशांश खेड्यांत शाळेची सोयच नाही, असे त्यांनी दाखवले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही केली. फुल्यांचे म्हणणे कर नको असे नव्हते. ज्याचा पैसा, त्याच्या पोरांना शाळा मिळाली पाहिजे, असे होते.

१८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. लोकांना निवडणुकीचा अधिकार थोडाफार मिळाला. पण पैसा बेताचा. तो पगारात संपे, इमारतीला उरत नसे. शाळा देवळात नाहीतर चावडीत भरे. देवळात शाळा म्हणजे अस्पृश्य मानलेल्या मुलांना पायरीबाहेरच बसणे आले. इमारतीचा प्रश्न नुसता चुनाविटांचा नव्हता, तो असा. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मान्य केला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. अंमलबजावणी पुष्कळ ठिकाणी रखडली, पण तत्त्व पक्के झाले. वर्गणीची किंवा देवस्थानची शाळा देणाऱ्याची म्हणता येते. कराची शाळा सगळ्यांची असते.

याच्या आधी, १९११ साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणले होते. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थांनी शिक्षणपट्टी बसवून उचलावा आणि दोन हिस्से सरकारने द्यावेत, अशी त्यांची कल्पना होती. लोक सक्ती आणि नवा कर सोसणार नाहीत, असे विरोधक म्हणाले. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले.

स्वराज्यात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या आणि तो जुना आणा उपकराच्या रूपाने त्यांच्या हाती आला. जुनी अडचण मात्र सुटली नाही. दुष्काळात सारा तहकूब झाला की उपकरही थांबतो. म्हणजे गाव अडचणीत, तेव्हाच तिजोरी रिकामी. शिवाय साऱ्याचे मूळ आकडे पुष्कळ जुने, त्यावर इमारती उभ्या राहत नाहीत. म्हणून मोठा भार राज्याच्या अनुदानावर पडला. केंद्राने २००४ साली आपल्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसवला, तेव्हा जमिनीपलीकडच्या मिळकतीतूनही खेड्यातल्या शाळेला वाटा मिळू लागला.

आज रांजणगाव आणि कुरकुंभ येथे कारखाने आहेत. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कारखाना, तिची करवसुली मोठी. कोरडवाहू गावाची मात्र घरपट्टीवरच भिस्त. भार कोणी उचलायचा आणि इमारत कोणत्या गावी आधी व्हायची, हा फुल्यांच्या काळचा वाद नव्या कपड्यांत आपल्यापुढे उभा आहे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि गावकऱ्यांना एवढेच सांगणे. कर भरताना कुरकुर करणे सोपे असते. हिशेब मागणे त्याहून अवघड आणि अधिक उपयोगाचे. पुढच्या ग्रामसभेला जाताना फडताळातली ती पावती बरोबर न्या. ती वाचायला आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलीला उभे करा. नांगराची निशाणी करणाऱ्या पणजोबांनी भरलेल्या आण्याची फेड ती तशीच होईल.