टीव्हीवरच्या काळ्या पट्ट्या झूम करून घालवताय? आधी हे वाचा

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की आपण झूम करतो. पण त्यात सिनेमाच कापला जातो. कसा?

गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारताचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या साधारण २.३५ पट रुंद असते. जुना टीव्ही ४:३, म्हणजे फक्त १.३३ पट. पडदा भरायचा, तर बाजूचं सुमारे ४३ टक्के चित्र जातं. आजच्या १६:९ टीव्हीवरही जवळपास पाव भाग जातो.

छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत एकटी पडलेली माणसं टिपली. कडा कापल्या की माणूस उरतो, त्याचं एकटेपण जातं. म्हणून पट्ट्या राहू द्या. चित्र पूर्ण दिसतं.