हिराइसेचा पाठ



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. कारण सांगण्यासारखे आहे, म्हणून सांगतो.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी आमच्या भद्रावतीत वादळ झाले. वीज तीनदा गेली, तीनदा आली. शेवटी ती टिकली, पण माझा संगणक काही उठला नाही. दुकानातल्या मुलाने डबा उघडून पाहिला आणि "सर, हार्ड डिस्क उडाली" एवढेच म्हणाला. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या त्यात. भद्रावतीचा, म्हणजे जुन्या भांदकचा इतिहास लिहायचा माझा उद्योग चालला होता. देवळे, तळी, मोहल्ल्यांची नावे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, सगळे गेले.

नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, बॅकअप घेतला होता ना?" गृहपाठ न आणलेल्या मुलासारखा मी गप्प बसलो. खरे तर हाताने लिहिलेल्या वह्या होत्या. पण टाइप झाल्यावर आता कशाला हव्यात, म्हणून मीच त्या रद्दीत घातल्या. सौ. तेव्हा म्हणाली होती, "राहू द्या ना माळ्यावर." ऐकले नाही.

आणि हे कोणत्या गावात? जिथे विजासनच्या टेकडीत दगड कोरून बसवलेले बुद्ध आजही बसलेले आहेत त्या गावात. याच भांदकला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट सापडला. शके ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा राजा. त्याची अक्षरे साडेबाराशे वर्षे टिकली, माझी अकरा वर्षे!

चार दिवस जेवण गोड लागले नाही. मग एका रात्री बी.ए.ला अभ्यासलेले लीळाचरित्र आठवले.

चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे प्रयाणानंतर म्हाइंभटांनी रिद्धपूरला, म्हणजे आपल्याच विदर्भात, इ.स. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला. मराठीतले हे आद्य गद्य चरित्र. नागदेवाचार्यांना आठवेल ते त्यांच्याकडून घेतले, आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून, पडताळून एकेक लीळा लिहिली. आणि पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत, ही मूळ पोथीच गेली. परंपरेत याला 'खालशाची धाड' म्हणतात.

मग आज आपण वाचतो ते काय? ते अनुयायांनी आठवून आठवून पुन्हा उभे केलेले लीळाचरित्र. त्यात हिराइसा नावाच्या स्त्रीचा पाठ मोठ्या मानाचा. ती एकपाठी होती, असे परंपरा सांगते. इतरांचेही पाठ होते आणि ते सगळीकडे जुळत नव्हते. इथे या मंडळींचा प्रामाणिकपणा पाहा. फरक त्यांनी पुसले नाहीत. अमक्याला असे आठवते, तमक्याला तसे, अशी नोंद केली. अशा पाठभेदाला त्यांनी 'वासना' म्हटले. आज या शब्दाचा अर्थ घसरला आहे, पण मूळचा अर्थ मनात मागे राहिलेला ठसा.

अगदी अलीकडचेही एक उदाहरण आहे. १९९८ साली अमेरिकेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअपही नीट निघाला नाही. गॅलिन सुसमन नावाच्या बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. एकीच्या घरात प्रत, एकीच्या कंठात. मधे सातशे वर्षे.

माझ्याकडे हिराइसा नाही. ताम्रपटाची माहिती ग्रंथालयात पुन्हा मिळेल, लेणी जागच्या जागी आहेत. पण एक कुंभार आजोबा होते. चाकाचे, मातीचे, आवा रचण्याचे शब्द त्यांनी मला दोन हिवाळे सांगितले. "लिहून घ्या गुरुजी, माह्या पोराले हे काही येत नाही," असे म्हणायचे. मी लिहून घेतले. ते आता नाहीत. त्यांनी विश्वासाने दिलेली ठेव मी घालवली, हे शल्य हार्ड डिस्कपेक्षा मोठे आहे.

म्हणून जूनपासून नवी वही केली आहे. शाईच्या पेनाने लिहितो. आधी आजोबांचेच लिहायला घेतले. आठवेल तेवढे लिहून त्यांच्या मुलाकडे गेलो. येत नाही येत नाही म्हणता म्हणता त्याला निम्मे येत होते! दोन शब्दांवर आमचे जमले नाही. आवा रचताना मोठी मडकी आधी की मग, यावरही जमले नाही. मी दोन्ही लिहिले. समासात एकीकडे 'गुरुजींची वासना', दुसरीकडे 'मुलाची वासना'.

तो बघून हसला. मग म्हणाला, "गुरुजी, याची एक झेरॉक्स मलेही द्या."

दिली. एक नातवाकडे गेली, एक माळ्यावर आहे. सौ.च्या ताब्यात.

असो. तुमच्याही घरी कुणी म्हातारे बोलके माणूस असेल, तर या रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.