सुगंधी तेले आणि पिकांवरील सूत्रकृमी : कोलशेत ते खानदेश, एक ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : सूत्रकृमी, सूत्रकृमिनाशके, रोशा तेल, जिरॅनिऑल, कोलशेत, खानदेश

प्रस्तावना

कृषीच्या इतिहासात टोळधाड, तांबेरा व बोंडअळी यांना जे स्थान मिळाले, ते सूत्रकृमींना मिळाले नाही. सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा हा जीव जमिनीत राहून पिकाच्या मुळांत शिरतो. मुळांवर गाठी येतात, झाड पिवळे पडून खुरटते आणि शेतकरी त्याचा दोष पाण्याला किंवा खताला देतो. डाळिंब, केळी, टोमॅटो, वांगी, भेंडी, हळद अशा महाराष्ट्रातील अनेक पिकांना ही कीड ग्रासते. तिच्या नियंत्रणासाठी वनस्पतिजन्य सुगंधी तेलांचा पर्याय गेल्या काही दशकांत पुढे आला आहे. हा पर्याय नवा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत निबंधात त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासून त्याच्या शक्यता व मर्यादा यांचा विचार केला आहे.

कोलशेत : एका औद्योगिक कालखंडाची खूण

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीकाठी असलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. स्वातंत्र्योत्तर काळात ठाणे परिसराचे जे औद्योगिकीकरण झाले, त्यात कोलशेत रस्ता हा रासायनिक उद्योगाचा एक पट्टा बनला. सॅण्डोज (पुढे क्लॅरियंट) या कंपनीचा कारखाना येथे होता. टपालाच्या पत्त्यात ‘सॅण्डोज बाग’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. १९५८ साली ‘बायर अ‍ॅग्रोकेम’ या नावाने भारतात स्थापन झालेल्या कंपनीचा कारखानाही याच रस्त्यावर होता. शेतीसाठीचे औषध म्हणजे कारखान्यात तयार झालेले रसायन, ही त्या काळाची धारणा होती आणि कोलशेत हे त्या धारणेचे दृश्य रूप होते. २०१० नंतरच्या दशकात या जमिनी विकल्या गेल्या आणि तेथे उंच गृहसंकुले उभी राहिली. कारखाने जाण्याची कारणे मुख्यतः जमिनीच्या अर्थकारणात होती, हे खरे. तथापि याच काळात रासायनिक सूत्रकृमिनाशकांची एक संपूर्ण पिढीही जगभर वापरातून बाद होत होती.

रासायनिक सूत्रकृमिनाशकांचा उदय व अस्त

१७४३ साली नीडहॅम यांनी गव्हाच्या विकृत दाण्यात सूत्रकृमी पाहिले. १८५५ साली बर्कली यांनी इंग्लंडमधील काचगृहातील काकडीच्या मुळांवरच्या गाठींचे कारण सूत्रकृमी असल्याचे नोंदविले. भारतात १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेतील देवाला येथील चहाच्या मळ्यात मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी आढळल्याची नोंद केली. मात्र मोठ्या प्रमाणावरील नियंत्रणाचे साधन १९४३ पर्यंत हाती नव्हते. त्या वर्षी हवाई बेटांवरील अननसाच्या शेतांत वॉल्टर कार्टर यांनी ‘डी-डी’ या धुरीजन्य मिश्रणाची उपयुक्तता दाखवून दिली. शेतकऱ्याला जमिनीखालचे नुकसान प्रथमच उघड दिसले. कारण धुरी दिलेल्या आणि न दिलेल्या पट्ट्यांतील पिकाचा फरक डोळ्यांत भरणारा होता.

त्यानंतर १९५५ च्या सुमारास डीबीसीपी (नेमागॉन) बाजारात आले. ते स्वस्त होते, प्रभावी होते आणि उभ्या पिकातही वापरता येत होते. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्यातील कामगारांमध्ये या रसायनामुळे वंध्यत्व आल्याचे उघडकीस आले. ज्या पुरुषांना मुले होत नव्हती, त्यांनी आपापसांत बोलून तपासणीचा आग्रह धरला, तेव्हा हे सत्य बाहेर पडले. १९७९ साली अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर थांबला. भारतात त्यावर बंदी येण्यास १९८९ साल उजाडले. पुढे २००१ साली एथिलीन डायब्रोमाइड व अल्डिकार्ब यांवर भारतात बंदी आली. बायर समूहाने विकसित केलेल्या फेनामिफॉसचे अमेरिकेतील उत्पादन २००७ मध्ये संपले. मिथिल ब्रोमाइडचा शेतीतील सर्वसाधारण वापर माँट्रियल कराराने विकसित देशांत २००५ व विकसनशील देशांत २०१५ पर्यंत संपुष्टात आणला. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे दाणेदार औषध फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. कार्बोफ्युरानचे केवळ ३ टक्के दाणेदार रूपच टिकून राहिले. फ्लुओपायरमसारखी नवी रसायने आली असली, तरी ती लहान शेतकऱ्यास महाग पडतात. अशा रीतीने निर्माण झालेल्या पोकळीत सुगंधी तेलांचा विचार पुढे आला.

खानदेशचे रोशा तेल

कोलशेतमधील कारखान्यांच्या कितीतरी आधी मुंबई बंदराच्या व्यापारक्षेत्रात वनस्पतिजन्य तेलाचा एक उद्योग नांदत होता. खानदेशातील डोंगराळ भागात रोशा किंवा तिखाडी नावाचे सुगंधी गवत रानोमाळ उगवते. पिंपळनेर, अक्राणी, नंदुरबार, शहादा व तळोदे या भागांत ते कापून, पाण्यासह भट्टीवर उकळून, वाफ थंड करून तेल काढले जाई. एकोणिसाव्या शतकातील औषधी व सुगंधी द्रव्यांच्या ग्रंथांत या उद्योगाची नोंद आहे. हे तेल संधिवातावर चोळण्यासाठी वापरीत. परंतु त्याचा मोठा व्यापार वेगळाच होता. मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे ते कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. खानदेशच्या गवताला तुर्कस्तानचे नाव मिळाले.

१८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी याच भारतीय गवताच्या तेलातून एक अल्कोहोल वेगळे केले आणि त्यास जिरॅनिऑल हे नाव मिळाले. सूत्रकृमी आणि हे तेल यांचा संबंध त्या काळी कोणाच्याही ध्यानी आलेला नव्हता. ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ असे म्हणण्यास येथे आधार नाही. पूर्वजांनी तेल काढण्याची विद्या जपली. तिचा हा उपयोग पुढील पिढ्यांनी शोधला.

प्रयोगशाळेतील पुरावा

वनस्पतींतील सूत्रकृमिरोधक द्रव्याचा पहिला ठळक पुरावा झेंडूने दिला. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टरथायनिल हे द्रव्य १९५८ साली नेदरलँड्समधील युलेनब्रुक व बिलू यांनी ओळखले. सुगंधी तेलांकडे वळण्यात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. १९९० साली हिसार येथील सांगवान व सहकाऱ्यांनी अनेक वनस्पतींची तेले निरनिराळ्या सूत्रकृमींवर तपासून पाहिली. २००० साली इस्रायलमधील ओका व सहकाऱ्यांनी २७ तेले तपासली. त्यांपैकी १२ तेलांनी प्रति लिटर १,००० मायक्रोलिटर या प्रमाणात ८० टक्क्यांहून अधिक पिले निश्चल केली. ओव्याच्या तेलातील मुख्य घटक थायमॉल हा त्यांतील प्रभावी घटकांपैकी एक ठरला. २०१० साली ब्राझीलमधील एचेव्हेरिगाराय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात जिरॅनिऑल हा सर्वाधिक प्रभावी घटकांत आढळला. खानदेशच्या भट्टीतून निघून याकोबसेन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचलेले द्रव्य अशा प्रकारे सूत्रकृमींपर्यंत येऊन पोहोचले.

शेतातील हिशेब

तथापि काचपात्रातील यश आणि शेतातील यश यांत मोठे अंतर आहे. पहिली बाब अशी की, निश्चल झालेले पिल्लू मेलेलेच असते असे नाही. स्वच्छ पाण्यात ठेवल्यास काही पुन्हा हालचाल करू लागतात. दुसरी बाब, गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी शेकडो अंडी चिकट आवरणात घालते आणि त्या आवरणातून औषध सहजी आत जात नाही. तिसरी बाब जमिनीची. दख्खनच्या काळ्या मातीतील चिकणकण व सेंद्रिय पदार्थ तेल धरून ठेवतात आणि उरलेले उडून जाते. उडून जाण्याच्या ज्या गुणामुळे अवशेषांचा धोका घटतो, त्याच गुणामुळे परिणामही अल्पकालीन ठरतो.

चौथी बाब प्रमाणाची. ओका यांच्या कुंडीतील प्रयोगांत वाळूमिश्रित मातीत एका किलोस १०० ते २०० मिलिग्रॅम तेल वापरले होते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या प्रमाणानेही हेक्टरी २०० किलो तेल लागेल. एक हेक्टर रोशाच्या लागवडीतून वर्षाला साधारणपणे १०० ते २०० किलो तेल मिळते. एका शेताला औषध देण्यासाठी दुसऱ्या शेताचे वर्षाचे उत्पन्न खर्ची घालावे लागेल. संपूर्ण शेतावर तेल शिंपडण्याची कल्पना येथेच निकालात निघते.

हाच हिशेब रोपवाटिकेस लावला, तर चित्र बदलते. १०० किलो रोपमिश्रणास १० ग्रॅम तेल पुरते. शहापूर-मुरबाडकडील भाजीपाला उत्पादक, पॉलिहाऊसधारक किंवा सांगोल्याकडील डाळिंबाचे खड्डे भरणारा शेतकरी यांस हे प्रमाण परवडू शकते. मात्र जास्त मात्रेत हीच तेले कोवळ्या मुळांना इजा करतात, म्हणून आधी थोड्या रोपांवर चाचणी हवी. युरोपीय संघाने २०१३ साली जिरॅनिऑल, थायमॉल व युजेनॉल यांना मान्यता दिली. पुढे जिरॅनिऑल व थायमॉल यीस्टच्या पेशिभित्तींच्या सूक्ष्म कुप्यांत भरून सूत्रकृमिनाशक बाजारात आले. कुपीमुळे तेल हळूहळू सुटते आणि तिसऱ्या अडचणीवर काही अंशी मात होते. भट्टीतून उरलेला चोथा हा आणखी एक मार्ग आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत असा चोथा जमिनीत मिसळून सूत्रकृमींवरील परिणाम अभ्यासला गेला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तेलापेक्षा स्वस्त व जमिनीस पोषक ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, सुगंधी तेलांचे महत्त्व वाढले, ते प्रामुख्याने जुन्या रसायनांनी कामगार, शेतकरी व पर्यावरण यांची किंमत वसूल केल्यामुळे. दोन, या तेलांचा मूळ उद्योग महाराष्ट्राच्या मातीतलाच असून त्याचे शास्त्रीय मूल्य मात्र बाहेर ठरले. तीन, तेले ही संपूर्ण शेतासाठी रसायनाची जागा घेणारी वस्तू नव्हे. रोपवाटिका, खड्डे व संरक्षित शेती या मर्यादित जागी, झेंडूची फेरपालट आणि निंबोळी पेंड यांच्या जोडीने तिचा उपयोग आहे.

डीबीसीपीच्या काळात ‘प्रभावी’ या एका शब्दावर विश्वास ठेवण्यात आला आणि कामगारांनी आपले दुःख बोलून दाखवीपर्यंत पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दावर तसाच विश्वास ठेवला, तर तीच चूक दुसऱ्या रूपाने होईल. नंदुरबार, सांगोला व शहापूर येथील जमिनींवर एकाच तेलाच्या तुलनात्मक चाचण्या घेणे हे ग्रामीण महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना एकत्रितपणे सहज शक्य असलेले कार्य आहे.