जोड, वजन आणि नोंद : हिंगोली परिसरातील महाविद्यालयीन कुस्तीचा मागोवा

महाविद्यालयांची जुनी वार्षिके चाळण्याचा मला नाद आहे. रद्दीच्या दुकानात, निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर, कधी ग्रंथालयातल्या बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात ती मिळतात. मराठवाड्यातल्या अशा बऱ्याच अंकांत शेवटच्या पानांवर कुस्ती संघाचे छायाचित्र असते. मधल्या खुर्च्यांवर प्राचार्य आणि क्रीडा संचालक, मागे इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून उभी असलेली सात-आठ मुले, खाली ‘डावीकडून उजवीकडे’ नावे. कोण कोणत्या वजनात लढला, कोणत्या तालमीत घडला, वस्ताद कोण, त्या वर्षी किती कुस्त्या झाल्या आणि किती जिंकल्या, यातले काहीही लिहिलेले नसते.

मी स्वतः कुस्तीगीर नाही, कोणत्या विद्यापीठाचा पदवीधर संशोधकही नाही. पण हिंगोली जिल्ह्यात गेली काही वर्षे महाविद्यालयीन संघांची हंगामापूर्वीची तयारी जवळून पाहत असताना या छायाचित्रांखालची मोकळी जागा मला सारखी आठवत राहिली. महाविद्यालय पैलवान घडवत नाही. तो घरच्या दुधावर आणि गावच्या तालमीत आधीच घडलेला असतो. तरीही महाविद्यालय त्याला तीन गोष्टी देऊ शकते आणि त्या तालमीकडे नसतात : वजन, नियम आणि नोंद. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे कशा आल्या आणि कुठे अडल्या, हे या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात तालमीपासून करावी लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमी नावारूपाला आल्या. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद शहरात पहेलवानांची परंपरा मोठी होती, पण मराठवाड्यातल्या तालमीकडे सरकार संशयाने पाहत असे. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ने सभांवर बंधने आली. पुढे खासगी आखाड्यांवरही निर्बंध आले, आणि आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहामागे ज्या तक्रारी होत्या त्यांत या निर्बंधांचीही तक्रार होती. एकीकडे दरबार तालमीला खुराक देत होता, दुसरीकडे तालीम काढायला परवानगी मागावी लागत होती. आपल्याकडे गावोगावी पैलवान झाले, पण कोल्हापूरसारख्या पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या तालमी फारशा उभ्या राहिल्या नाहीत, त्याचे एक कारण मला इथे दिसते.

महाविद्यालये तर आणखी उशिरा आली. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज १९२३ चे आणि उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चे. हिंगोली परिसरातल्या महाविद्यालयांची पिढी त्यानंतरची. त्यांतल्या वसमतच्या महाविद्यालयाला मुक्तिसंग्रामातले हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे आजचा हिंगोलीचा महाविद्यालयीन मल्ल ज्या विद्यापीठासाठी आणि ज्या जिल्ह्यासाठी लढतो, ती दोन्ही नावे त्याच्या वडिलांच्या तरुणपणातली आहेत. तो ज्या फडात पहिली कुस्ती खेळला तो फड मात्र त्याच्या पणजोबांच्याही आधीचा.

त्या फडाचा कायदा म्हणजे जोड. जत्रेत किंवा नागपंचमीच्या कुस्त्यांत दोन पोरे पुढे येतात, पंच त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात, मान, मांड्या, उंची नजरेने जोखतात आणि जोड लावतात. वजनकाटा कुठेच नसतो. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि चांदीच्या कड्याच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत फड रंगत जातो. पाठ लागली तर निकाल, नाहीतर बरोबरीत सोडवायची. गुण नाहीत. मैदानाला कड असते ती प्रेक्षकांची. त्यांच्या अंगावर गेले की पंच पुन्हा मध्ये आणतात.

महाविद्यालयाची कुस्ती याच्या उलट आहे. तिथे जोड काटा लावतो. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये २०१८ पासून ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ किलो असे दहा आंतरराष्ट्रीय गट आहेत. ९ मीटर व्यासाचे वर्तुळ, ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. पट काढून खाली नेले की २ गुण, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १, आणि १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. मातीत वाढलेला मुलगा पकड घेऊन दम काढत बसतो, समोरच्याला थकवून मग डाव टाकतो. मॅटवर तो असा बसला की पंच त्यालाच निष्क्रिय ठरवतात. पाय बाहेर जातो ते त्याच्या ध्यानातही येत नाही. त्याचा ढाक आणि कलाजंग अस्सल असतो, पण तो टाकण्याआधीच चार-पाच गुण गेलेले असतात.

ही अडचण नवी नाही. महाराष्ट्राला ठाऊक असलेला सर्वांत मोठा महाविद्यालयीन मल्ल याच वाटेने गेला. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. अंगकाठी पाहून महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घेतले जात नव्हते, प्राचार्यांच्या शब्दामुळे ते घेतले गेले, अशी हकीकत सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. मॅटची खरी ओळख त्यांना तिथेच झाली आणि रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना नियमांसह तयार केले. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. तिथे ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

या कथेतला घर गहाण टाकण्याचा भाग आपण दरवर्षी सांगतो. दुसरा भाग कमी सांगितला जातो. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली कुस्ती संपताच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो दाखवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी त्या वेळी शेजारी नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. प्राचार्यांनी पैसे दिले, तालमीने ताकद दिली. नियम माहीत असलेला माणूस कडेला उभा करणे तेवढे राहून गेले.

हिंगोलीच्या आजच्या संघाकडे पाहताना मला हीच गोष्ट दिसते. विद्यापीठाचे वेळापत्रक पावसाळ्यात येते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण भाद्रपद ते कार्तिकात होतात आणि त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ हिवाळ्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. जत्रांचा हंगाम पुढे, महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या यात्रेपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे महाविद्यालयीन तयारीचे महिने हे कोळपणी-खुरपणीचे आणि स्पर्धेचे दिवस सोयाबीन काढणीचे. क्रीडा संचालकाच्या वहीत सराव सकाळी साडेपाचला असतो, आणि मुलगा त्या वेळी गावाकडे असतो. घरच्यांचेही चुकत नाही. काढणीला मजूर मिळत नाहीत.

काळ्या रानाच्या या मुलखात आखाड्याची तांबडी माती बाहेरून आणावी लागते. तिच्यात ताक, तेल, लिंबू आणि हळद मिसळतात. हळद घरचीच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आखाड्यातल्या मातीला तिची ओळख फार जुनी आहे. मॅटचे तसे नाही. ती महाग, ठेवायला बंद सभागृह हवे, आणि अनेकदा मुलांना ती पहिल्यांदा दिसते ती स्पर्धेच्याच दिवशी.

सर्वांत जास्त घात होतो तो वजनात. एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी एका संघाबरोबर होतो. एक मुलगा अंगात रेनकोट घालून आश्विनातल्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारत होता. रात्री त्याने पाण्याच्या चुळा भरल्या आणि थुंकून टाकल्या. मी विचारले तर म्हणाला, “काका, दोनच किलो राहिलंय. सकाळपर्यंत उतरतंय.” उतरलेही. ५७ किलोत त्याचे नाव लागले. पहिल्या फेरीत तो पुढे होता. दुसऱ्या फेरीत पाय उचलेनात आणि पाठ लागली. त्याचे गावाकडचे वस्ताद माझ्या शेजारी बसले होते. ते एवढेच म्हणाले, “ह्याला काट्यानंच पाडलं.”

हे खेळापुरते राहत नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ३३ दिवसांत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच घाम काढून वजन उतरवताना मरण पावले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने मग वाफेच्या खोल्या, रबरी पोशाख आणि लघवीची औषधे बंद केली आणि एक साधा नियम घातला : हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाचे वजन, अंगातली चरबी आणि पाण्याचे प्रमाण तपासायचे, त्यावरून त्याचा सर्वांत खालचा गट ठरवायचा, आणि आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवू द्यायचे नाही. आपल्याकडे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली तेव्हा वजनकाटा घराघरात चर्चेला आला. महाविद्यालयांच्या सरावात त्यामुळे काही बदलल्याचे मला दिसले नाही.

दीड टक्क्याचा हिशोब करून पाहावा. ६१ किलोच्या मुलाला आठवड्याला सुमारे ९०० ग्रॅम उतरवता येतात. ५७ ला यायला त्याला पाच आठवडे लागतील. वेळापत्रक श्रावणात आले आणि स्पर्धा आश्विनात असली तर पाच आठवडे हाताशी असतात. अट एकच, पहिल्या दिवशी वजन करून ते वहीत लिहिलेले असले पाहिजे. चांगला काटा आणि एक वही यांना कुठल्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मुलगा ६१ मध्येच जास्त चांगला लढेल, हेही त्या वहीतूनच कळेल.

नोंद नसल्याचा दुसरा परिणाम म्हणजे आपले मल्ल आपले राहत नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. ते घडले कोल्हापुरात आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिष्य घडवले. त्यांचे शिष्य, लातूरकडचेच अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांनी पुण्यात कात्रजला संकुल उभे केले. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत नाशिककडून हर्षवर्धन सदगीर आणि लातूरकडून शैलेश शेळके समोरासमोर आले तेव्हा दोघेही त्याच संकुलातले होते. मराठवाड्याने पुण्याला वस्ताद दिले, याचा अभिमान वाटतो. पण आमच्या भागातला ज्याचा थोडाफार जम बसतो तो मुलगाही बारावीनंतर पुणे-कोल्हापूर धरतो. प्रवेश इथल्या महाविद्यालयात, मेहनत तिकडे, आणि स्पर्धेपुरते येणे. छायाचित्रात तो दिसतो, सरावात नाही. त्याच्याकडून मागे राहिलेल्या मुलांनी मॅट शिकावी ही संधीही जाते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असल्याने प्रमाणपत्राचे मोल त्याला कळते, आणि त्यात गैर काहीच नाही.

एका बाबतीत मात्र महाविद्यालयाने तालमीला मागे टाकले आहे. मारुतीच्या मूर्तीसमोरच्या आखाड्यात मुलींना पाय ठेवायला जागा नव्हती. महिलांची कुस्ती २००४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आली आणि विद्यापीठांच्या अर्जावर मुलींचे गट छापले गेले. महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला मार्च २०२३ उजाडावे लागले. सांगलीतली ती पहिली गदा प्रतीक्षा बागडीने जिंकली. आमच्याकडे एखाद्या संघात अजून एक किंवा दोनच मुली असतात आणि सरावाला जोडीदार म्हणून त्यांना भाऊ किंवा वडील लागतात. तरी ज्या मातीत त्यांना मज्जाव होता तिथे काही वस्ताद आता त्यांच्यासाठी सकाळची वेगळी वेळ ठेवू लागले आहेत. ही वाट अर्जावरच्या छापील रकान्यातून निघाली.

यंदा श्रावणात मी एका क्रीडा संचालकांना दोनशे पानी वही नेऊन दिली. त्यांनी हसून ती टेबलावर ठेवली. महिनाभराने गेलो तेव्हा नऊ मुलांची आणि एका मुलीची नावे तीत होती. नावापुढे गाव, वस्तादांचे नाव आणि दर सोमवारचे वजन. तिसऱ्या सोमवारी चार रकाने कोरे होते. त्या आठवड्यात गावाकडे खुरपणी होती. सरांनी तेही पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवले होते.