डफडं कोणाच्या गळ्यात?

डफडं म्हटलं की आपल्या पोरांच्या कपाळावर आठी येते. ती येणारच. पण ज्या वाद्याचा एवढा राग, त्याचा इतिहास आपण कधी तपासला काय?

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत डफडं मुख्यतः मातंगांच्या गळ्यात अडकवलं गेलं. लग्न, पोळा, देवीची मिरवणूक, मयत. डफड्याशिवाय गावाचं पान हलत नव्हतं. शिकायला शाळा नाही, वही नाही. पोरगं बापामागं फिरायचं, काडीकचऱ्याचा जाळ करून डफडं शेकायचं. शेक कमी पडला तर आवाज बसतो, जास्त झाला तर कातडं फाटतं. हा पहिला धडा. मग एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बांबूची बारीक काडी. चुकलं की बाप खेकसायचा, ‘काहून रे, हात का दगडाचे हायेत?’ लग्नाची चाल वेगळी, मयतीची वेगळी, बैलांपुढची वेगळी. ही विद्या नाही तर काय? मोबदला काय, तर बलुत्याचं धान्य, शिळी भाकर आणि अंगणाबाहेरची जागा. देवीपुढं वाजवा, पण देवळात पाय ठेवू नका!

आता पश्चिम आफ्रिकेकडे बघा. गिनी देशातल्या बालांडुगू गावात १९५० मध्ये मामाडी केइता जन्मला. तोही असाच गावच्या उस्तादाजवळ बसून जेंबे शिकला. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये सरकारी कलापथक ‘जोलिबा’साठी त्याची निवड झाली. पोरवयात गावचा वादक देशाचा कलावंत झाला. पुढं १९९१ मध्ये त्यानं ब्रुसेल्सला स्वतःची शाळा काढली. २०२१ मध्ये तो गेला तेव्हा जगभर त्याचे शिष्य होते. केइता हे तर माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाताचं कूळ! राजाच्या कुळातला माणूस बकऱ्याचं कातडं बडवतो आणि बाटत नाही. तिथंही जन्मावर ठरलेले धंदे आहेत. जेली नावाचे गाणारे पिढीजात. पण जेंबे कोणीही वाजवावा.

म्हणजे दोष कातड्यात नाही. तबल्यालाही बकऱ्याचंच कातडं असतं. तो गादीवर बसतो, डफडं उकिरड्याशी उभं राहतं. विटाळ वाद्याला नाही, जातीनं माणसाला लावला.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत साऊथ कॅरोलिनाच्या गुलामांनी १७३९ मध्ये ढोल वाजवत बंड केलं. १७४० च्या कायद्यानं मालकांनी त्यांचे ढोलच बंद केले. ज्या काळ्यांच्या लढ्यावरून १९७२ मध्ये आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांच्या हातून ढोल हिसकला गेला. आपल्या गळ्यात तो बांधला गेला. जुलूम एकच, रीत उलटी.

म्हणून बाबासाहेबांनी गावकीची घाण कामं सोडा म्हटलं, ते खरंच होतं. मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेबच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण गावकी झुगारली. कुठं कुठं बहिष्कार सोसला, उपाशी राहिलो. तो स्वाभिमान कोणी स्वस्त समजू नये.

पण आपलंही चुकलं. डफडं टाकलं तेव्हा अजून वाजवणाऱ्या मातंग भावाकडे आपण गावाच्याच नजरेनं पाहिलं. त्याच्या पोटाची सोय न बघता त्याला लाचार म्हणालो. भीमराव कर्डकांनी तमाशाचा साज घेऊन जलसा उभा केला. मातंगवाड्यात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठेंनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. वाद्य तेच, वाजवणाऱ्याची मर्जी त्याची स्वतःची. फरक एवढाच, आणि एवढाच फरक सगळा आहे.

आज १४ एप्रिलला आपण डीजेच्या भिंती भाड्यानं आणतो. वस्तीतला म्हातारा डफडंवाला कडेला उभा राहून बघतो. त्याला मिरवणुकीत पुढं बोलवा. ठरलेले पैसे हातात द्या. आपल्या पंगतीत जेवायला बसवा. पोरांना त्याच्याजवळ शिकायला पाठवा. गावानं बोलावलं म्हणून वाजवायचं नाही, हे पक्कं. पण आपल्याला वाजवायचं असेल, तर कोणाच्या बापाला भ्यायचं नाही.