पाच नावांचा लेखक आणि एक संपादक

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले; परंतु सैन्याधिकारी, न्यायाधीश आणि सरकारी अंमलदार बहुतांशी जुनेच राहिले. या विसंगतीवर आठवड्यामागून आठवडे बोट ठेवणारे 'डी वेल्टब्यूने' हे लहानसे पत्र बर्लिनहून निघत असे. ऐन भरातही त्याचा खप १५,००० च्या आसपासच होता; पण त्याचा शब्द दूरवर पोचे.

कुर्ट टुखोल्स्की हे या पत्राचे सर्वांत गाजलेले लेखक. पत्र केवळ नाट्यविषयक होते तेव्हापासून, म्हणजे १९१३ पासून, ते त्यात लिहीत. गडकऱ्यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' व विनोदासाठी 'बाळकराम' ही नावे घेतली, तशी टुखोल्स्कींनी चार नावे घेतली. पेटर पांटर पुस्तकांची परीक्षणे लिही, थिओबाल्ड टीगर कविता करी, इग्नात्स व्रोबेल राजकारणावर कोरडे ओढी; युद्धानंतर कास्पार हाउझर त्यांना येऊन मिळाला. खरे नाव पाचवे.

१९२६ च्या डिसेंबरात संस्थापक-संपादक याकोबसोन वारले. टुखोल्स्कींनी काही महिने संपादन केले. पण ते काम त्यांना मानवले नाही. १९२७ मध्ये ते कार्ल फॉन ओसिएत्स्की यांच्याकडे गेले, आणि येथूनच लेखणी व जबाबदारी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये व्रोबेलच्या लेखात सैनिकांना खुनी ठरविणारे एक वाक्य आले. लेखक स्वीडनमध्ये होता. म्हणून खटला संपादकावर झाला. त्या वेळी ओसिएत्स्की गुप्त लष्करी विमानदलासंबंधीच्या दुसऱ्या एका लेखापायी तुरुंगातच होते. वाक्याचा रोख विशिष्ट व्यक्तींवर नाही, असे ठरून जुलै १९३२ मध्ये ते या खटल्यातून सुटले. टुखोल्स्कींनी परत येण्याचा विचार केला होता. परंतु नाझींच्या भीतीने ते आले नाहीत. हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ओसिएत्स्की पकडले गेले, पत्र बंद पडले, टुखोल्स्कींची पुस्तके जाळली गेली आणि त्यांचे नागरिकत्वही गेले. त्यांनी जाहीर लेखन थांबविले; मात्र ओसिएत्स्कींना नोबेल शांतता पारितोषिक मिळावे म्हणून ते पत्रांतून झटत राहिले. २१ डिसेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. १९३५ चे ते पारितोषिक ओसिएत्स्कींना पुढल्या वर्षी जाहीर झाले. छळछावणीत खालावलेल्या प्रकृतीने १९३८ मध्ये त्यांचाही अंत झाला.

वाक्य एकाने लिहिले, त्याचा जाब दुसऱ्याने दिला. टुखोल्स्कींच्या लेखनाचे मोल करताना हा दुसराही विसरता येत नाही.