पडद्यामागचा दिवा

नीरा व भीमा ह्या नद्यांच्या संगमावर, इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकास, नरसिंहपूर वसले आहे. तेथील नृसिंह हे महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांचे कुलदैवत होय. त्या अवताराची कथा वाचकांस नव्याने सांगावयास नको. घरात नाही व घराबाहेर नाही, दिवसा नाही व रात्री नाही, अशा अटी हिरण्यकशिपूने मागून घेतल्या. आणि त्या अटींतून वाट निघाली ती उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला. उंबरठा ही जागाच अशी आहे की, आत बसलेला तिला दाराकडची म्हणतो आणि बाहेर उभा असलेला घराकडची. आणि दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. मागून उजळलेला पडदा हाही दिवा आणि प्रेक्षक यांच्यामधील असाच एक उंबरठा आहे. त्यावर उमटणाऱ्या चित्रांतील दोषांचा विचार केला असता साक्षीपुराव्याविषयीही काही शिकावयास मिळते, असे आम्हांस वाटते.

समोरून प्रकाश टाकलेला पांढरा पडदा तो प्रकाश चहूकडे बहुतेक सारखाच विखरून देतो. मागून उजळलेल्या पडद्याकडून मात्र दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. प्रकाश अडवला नाही तर चित्र उमटत नाही, आणि जाऊ दिला नाही तर ते दिसत नाही. कापड पातळ असेल तर मागच्या दिव्याचा झळझळीत ठिपका डोळ्यांत भरतो व चित्राच्या कडा काळवंडतात. जाड असेल तर ठिपका जातो, परंतु सारेच चित्र मंद होते. ह्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तो ठिपका एका जागी स्थिर नसतो. प्रेक्षक सरकला की तोही सरकतो. दहा माणसे दहा जागी बसली, तर प्रत्येकाचा ठिपका वेगळा.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. पांढरे कापड, त्यामागे दिवा, आणि दोहोंच्या मध्ये रामायणातील पात्रे, असा हा खेळ. बाहुली कापडास भिडली असेल तर तिची रेघन् रेघ स्वच्छ उमटते. ती दिव्याकडे सरली की सावली मोठी होते व तिच्या कडा विरघळतात. तेलाच्या दिव्याची ज्योत हलली की राम आणि रावण दोघेही थरथरतात. ह्याला दोष म्हणावे की खेळाचा जिवंतपणा, हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.

युरोपात १७९८ साली पॅरिस येथे रॉबर्टसन याने जादूचा कंदील चाकांवर बसवून पडद्यामागे दडविला व भुतांचे खेळ लावले. कंदील मागे सरकला की भूत वाढे आणि प्रेक्षकांस ते अंगावर आल्यासारखे वाटे. पडद्यामागील दिव्याचे अस्तित्व विसरावयास लावणे हेच त्याचे सारे कसब. आमच्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली कंदिलाचे खेळ सुरू केले व त्यांस 'शांबरिक खरोलिका' असे नाव दिले. शांबरी म्हणजे माया. हे दाखवतो ते मायेचे आहे, असे त्यांनी नावातच सांगून टाकले. काचेवर हाताने रंगविलेल्या त्या चित्रांतून पौराणिक कथा पडद्यावर अवतरत. कंदिलाचा धर्मच असा की, काचेवर कुंचला केसभर चुकला, तर पडद्यावर ती चूक बोटभर होते.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. घरोघरच्या संचात काचेची एकच मोठी नळी असे, आणि ती फार मोठी करावी तर वजन पेलवेना. म्हणून मोठ्या चित्रासाठी पुन्हा पडद्यामागचा दिवाच उपयोगी पडला. लाल, हिरवी व निळी अशा तीन लहान नळ्यांची चित्रे भिंगांतून व आरशावरून पडद्याच्या पाठीवर एकत्र आणीत. ती तंतोतंत जुळली नाहीत, तर माणसाच्या कडेला रंगीत किनार दिसे. पडद्यावर बारीक रेघांची भिंगे बसवून प्रकाश बैठकीच्या दिशेने वळविलेला असे. म्हणून खुर्चीवरून उठले की चित्र अंधारे. पुढे सूक्ष्म आरशांचे संच आले. अमेरिकेत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधिलेल्या युक्तीवर ते चालत. त्यांपैकी पुष्कळांत एक रंगीत चकती फिरे व तिन्ही रंग एकामागून एक पडद्यावर येत. नजर झरकन फिरली की ते तीन रंग डोळ्यांत निरनिराळ्या जागी पडत, आणि काळ्यावरील पांढऱ्या आकृतीस क्षणभर इंद्रधनुष्य फुटे.

हे इंद्रधनुष्य काहींना दिसे, काहींना मुळीच दिसत नसे. घरात एकट्या गृहिणीने ते पाहिले, तर बाकीची मंडळी तिला डोळे तपासून घ्यावयास सांगत. वस्तुतः तिचे डोळे शाबूत होते. यंत्र खरोखरच तसे वागत होते. बहुमताने तिची साक्ष नाकारली, एवढेच. २०१२ च्या अखेरीस मित्सुबिशी कंपनीने असे संच करणे थांबविले, आणि हा वादही संचाबरोबर अडगळीत गेला.

इतिहासाच्या अभ्यासकास ह्यातून घेण्यासारखे काय? पानिपतची १७६१ सालची हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने लिहिली आणि मराठी बखरकारांनीही लिहिली. त्या जुळत नाहीत म्हणून एकीस खोटी ठरविण्याची घाई आपण करतो. सर्वच साक्षी सारख्या वजनाच्या असतात, असे आमचे म्हणणे नाही. खोटे बोलणारेही असतातच. परंतु साक्ष फेटाळण्यापूर्वी साक्षीदार कोठे बसला होता, दिवा त्याच्या कोणत्या बाजूस होता, आणि इतरांस न दिसणारे त्यास का दिसले असावे, एवढे तरी विचारावे. पडदा एकच असला, तरी चित्र सर्वांस एकच दिसते असे मानण्यास आधार नाही. जो एकटाच दोष दाखवितो, त्याच्या जागेवर घटकाभर जाऊन बसणे, हे अभ्यासकाचे पहिले काम होय.